न दिसणाऱ्या कारणाचा तपास

जी वस्तू डोळ्यांना दिसत नाही तिचे ज्ञान तिच्या चिन्हांवरूनच करून घ्यावे लागते, आणि चिन्ह एकाच कारणाशी एकनिष्ठ राहीलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. मग अनुमानावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या बळावर? आपल्या दर्शनकारांनी हा प्रश्न मोठ्या निकराने लढवला आहे. चार्वाकांनी अनुमानाचे प्रामाण्यच नाकारले. न्यायसूत्रांत गौतमाने तर आपल्याच मताविरुद्ध फिर्याद दाखल करून घेतली: नदी फुगली म्हणून वरच्या अंगाला पाऊस झाला असे म्हणावे, तर कोणी प्रवाह अडवला असला तरी पाणी चढतेच, मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणून पाऊस येणार म्हणावे, तर वारूळ उकरले गेले तरी त्या निघतात, केका ऐकून मोर आहे म्हणावे, तर माणूसही तो आवाज हुबेहूब काढतो. यावर त्याचा निवाडा असा की, अशा फसव्या खुणा खऱ्या हेतूहून, म्हणजे अनुमानाला आधार देणाऱ्या चिन्हाहून, वेगळ्याच असतात. भाष्यकार वात्स्यायनाने तो उलगडून सांगितला आहे: हा दोष अनुमानाचा नव्हे, अनुमान करणाराचा. नुसते चढलेले पाणी हा पावसाचा हेतूच नव्हे. वाढलेला वेग, फेस आणि वाहत येणारी फळे, पाने व लाकडे यांसह चढलेले पाणी हा हेतू.

हा वाद आज जिवंत पाहायचा असेल तर वैशाखाच्या उन्हात मोटारगाड्यांचे ए.सी. दुरुस्त होतात अशा एखाद्या गॅरेजात तासभर उभे राहावे. गाडीची कैफियत बहुधा एका वाक्याची असते, ‘थंड होत नाही’. आणि मालक निकालही बरोबर घेऊनच येतो, ‘गॅस संपला असेल, भरून टाका.’ येथेच अधीर कारागीर आणि विचारी कारागीर यांच्या वाटा फुटतात. बंद नळ्यांच्या चक्रात कॉम्प्रेसर वायूला दाबतो, कंडेन्सरमध्ये तो उष्णता टाकून द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून पुढे जाताना त्याचा दाब कोसळतो, आणि कूलिंग कॉइलमध्ये तो पुन्हा वायू होताना गाडीतल्या हवेची उष्णता शोषून घेतो. यातले काहीच डोळ्यांना दिसत नाही. कारागिराच्या हाती असतात ती निळ्या आणि तांबड्या नळीची दोन गेजे. एक कमी दाबाच्या बाजूचे, एक जास्त दाबाच्या.

इंजिन बंद असताना बराच वेळ उभ्या असलेल्या गाडीला ही गेजे लावली, तर दोन्ही सुया एकाच आकड्यावर येतात. आर-१३४ए हा वायू असेल आणि हवेचे तापमान ३० अंश सेल्सिअस असेल, तर तो आकडा सुमारे ९७ पौंड. नवख्याला वाटते, दाब चांगला आहे, अर्थात गॅस पुरेसा आहे. वास्तविक आत द्रवाचा थोडा अंश शिल्लक आहे तोवर सुई तिथेच राहणार, मग गॅस शंभर ग्रॅम असो वा पाचशे. कारण हा दाब तापमानाच्या आज्ञेत असतो, परिमाणाच्या नव्हे. नैयायिक ज्याला उपाधी, म्हणजे संबंधामागे लपलेली अट, म्हणतात ती हीच. अग्नी आहे म्हणून धूरही असलाच पाहिजे असे म्हणणाऱ्याला ते विचारतात की, धूर अग्नीने झाला की ओल्या इंधनाने? तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. शतकानुशतकांच्या या ओल्या इंधनाची जागा येथे हवेच्या उष्म्याने घेतली आहे, आणि जो ती ओळखत नाही त्याची पुढली सारी तर्कपरंपरा खोट्या दस्तऐवजावर उभी राहते.

इंजिन सुरू केल्यावर सुया वेगळ्या होतात आणि खरी साक्ष सुरू होते. पण तीही एकेरी नसते. दोन्ही बाजू नेहमीपेक्षा खाली असल्या तर गॅस कमी आहे असे म्हणायला जागा आहे. मात्र गॅस पेट्रोलसारखा जळून खर्च होत नाही. कमी झाला तर तो कोठून तरी निसटला, आणि ती वाट न शोधता पुन्हा भरणे म्हणजे रोग्याला त्याच्याच लक्षणाचे औषध पाजणे होय. वायूबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही नळ्यांतून फिरत असते. म्हणून गळतीच्या जागी ते पाझरते, त्यावर धूळ बसते, आणि जोडावर काळसर, तेलकट डाग दिसतो. पुराच्या पाण्यावरील फेस आणि पाने ती हीच! मग त्या जागी साबणाचा फेस लावावा, बुडबुडा फुगतो का ते पाहावे, आणि तेव्हा कोठे निकाल लिहावा.

दोन्ही बाजू वर गेल्या तर संशयित अनेक: गॅस जास्त भरला गेला, नळ्यांत हवा शिरली, पंखा फिरत नाही, वा कंडेन्सरच्या पात्यांत चिखल आणि कीटक अडकले. चांगला कारागीर कंडेन्सरवर पाणी शिंपडतो आणि तांबड्या नळीच्या सुईकडे पाहतो. सुई झपाट्याने उतरून गारवा परतला, तर संशय हवेच्या प्रवाहाकडे वळतो; तेवढ्यानेही त्याची खातरजमा होत नाही, तो पंखा हाताने तपासतो. कधी गाडी काही मिनिटे उत्तम थंड होते, मग निळ्या नळीची सुई शून्याच्याही खाली सरकते आणि वारा कोमट येऊ लागतो. जरा थांबवली की पुन्हा पहिल्यासारखी. आत शिरलेला पाण्याचा अंश व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठतो आणि वितळतो, असे येथे अनुमान होते. आणि कधी सुया अगदी निर्दोष असतात, कारण दोष थंडीच्या यंत्रात नसतोच; हीटरचा पडदा अर्धवट अडकून गरम हवा मिसळत असते. अशा वेळी गॅस भरणारा मनुष्य निरपराध्यास शिक्षा करतो.

उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत कार्यावरून कर्त्याचे, जगावरून ईश्वराचे अनुमान मांडले, तेव्हा प्रतिपक्षाने नेमकी अशीच हरकत घेतली होती. घटाचा कर्ता कुंभार हा शरीरधारी असतो. तेव्हा कर्ता लागतो तो कार्यमात्राला नव्हे, शरीरधाऱ्याने केलेल्या कार्याला, असे का म्हणू नये? बीजातून उगवणाऱ्या अंकुराला असा कर्ता कोणी पाहिला? ही उपाधी नैयायिकांनी दडपली नाही. पिढ्यान्‌पिढ्या तिला उत्तरे दिली, आणि उदयनांनी तर पाच स्तबकांचा अख्खा ग्रंथच एकेका आक्षेपाच्या शहानिशेसाठी रचला. मला ईश्वर मान्य आहे, आणि तरीही या वादात मी उदयनांच्या निष्कर्षापेक्षा त्यांच्या पद्धतीचा अधिक ऋणी आहे. गॅरेजात शेवटी एक सोय असते: सारा गॅस यंत्राने काढून तोलता येतो, बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेल्या वजनाशी ताडता येतो, आणि तितकाच मोजून भरून वाऱ्याच्या झरोक्यात तापमापक धरता येतो. जगाच्या बाबतीत ही मुभा नाही. पंखा थांबवून, पाणी शिंपडून दुसरी सुई पाहता येत नाही. म्हणून माझ्या श्रद्धेला मी श्रद्धा म्हणतो, आणि अनुमान हे नाव, ज्याच्या विरुद्ध साऱ्या शंका विचारून झाल्या आहेत, अशा निष्कर्षासाठीच राखून ठेवतो.