शोधायला निघणारा गुरू

मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी आली की आपल्याकडे घरोघरी आणि मंदिरामंदिरांतून श्रीगुरुचरित्राचा सप्ताह बसतो. सात दिवसांच्या पारायणात दुसऱ्या दिवशी सोळावा अध्याय येतो. धौम्य ऋषी आणि त्यांचे तीन शिष्य, आरुणी, बैद आणि उपमन्यू, यांची कथा त्यात आहे. आपण ती इतक्यांदा वाचली आहे की तात्पर्य तोंडपाठ झालंय: शिष्याने गुरूचा शब्द खाली पडू देऊ नये. आपला गुरू फार कठोर आहे, अशी तक्रार घेऊन आलेल्या ब्राह्मणाला श्रीगुरूंनी ही कथा सांगितली. तेव्हा ते तात्पर्य खरंच आहे. पण त्याच कथेत गुरूसाठीही एक गोष्ट सांगून ठेवली आहे, आणि शाळा-कॉलेजात शिकणारी नातवंडं ज्यांच्या घरात आहेत त्यांनी ती नीट बघावी, असं मला वाटतं.

प्रश्न साधा आहे. दुसऱ्याला “तुझ्याकडून जास्तीत जास्त होईल तेवढं कर” असं सांगण्याचा अधिकार कुणाला आहे?

धौम्यांनी तिघांना एकच काम दिलं नाही. आरुणीला शेतात पाणी न्यायला सांगितलं. बांध टिकेना तेव्हा तो स्वतः पाण्याला आडवा झाला. बैदाला पीक राखून धान्य घरी आणायला सांगितलं. गाड्याला एकच रेडा मिळाला, तर दुसऱ्या बाजूला त्याने स्वतःची मान दिली. उपमन्यूला गाई राखायला पाठवलं. भुकेने तो रुईचा चीक प्याला, चीक डोळ्यांत गेला, दिसेनासं झालं आणि तो विहिरीत पडला. तिघांनीही आपलं सगळं पणाला लावलं, पण प्रत्येकाचं “सगळं” वेगळं होतं. धौम्यांनी त्यांची आपसात तुलना केली नाही, पहिला-दुसरा नंबर काढला नाही.

आता पुढचं बघा. तिन्ही वेळा शिष्य घरी आला नाही, आणि तिन्ही वेळा गुरू स्वतः शोधायला निघाला. शेताच्या बांधावर उभं राहून त्याने हाक मारली, चिखलात रुतलेल्या गाड्यापाशी तो गेला, विहिरीच्या काठावर आला. “सांगितलं होतं, जमलं नाही, त्याचं नशीब,” असं म्हणून तो आश्रमात बसून राहिला नाही. माझ्या मते त्याच्या कठोरपणाला अर्थ येतो तो इथे. जो अंधारात शोधायला निघणार आहे, त्यानेच पूर्ण जोर लावायला सांगावं.

कुणी म्हणेल, अहो, आपल्या दत्तप्रभूंच्या परंपरेतल्या अवधूताने तर चोवीस गुरू केले. पृथ्वी, वारा, कबूतर, अजगर, मधमाशी. त्यातला कुठला गुरू शोधायला आला? खरं आहे. भागवताच्या एकादश स्कंधातली ती कथा शिष्याच्या बाजूची आहे. बाण घडवणारा कारागीर कामात इतका गढला होता की शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला कळलं नाही. त्याला ठाऊकही नव्हतं की आपल्याकडून कुणी एकाग्रता शिकतोय. पण शिकणारा अवधूत होता, पिकलेला होता. चौदा-पंधरा वर्षांचं पोर काही अवधूत नसतं. त्याला आपणहून गुरू सापडत नाही, म्हणून गुरूलाच दोन पावलं जास्त टाकावी लागतात.

आपल्या खानदेशाने असा शिक्षक पाहिला आहे. नंदुरबारहून ज्या लायनीने आपण भुसावळला जातो, त्याच लायनीवर अमळनेर लागतं. तिथल्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिकवत होते. वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्यावर होती. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढत. मुलं बाहेर गेली की त्यांच्या खोल्या झाडत, कंदिलांच्या काचा पुसून ठेवत, आजारी मुलाच्या उशाशी बसत. नीटनेटके राहा, मन लावून अभ्यास करा, हे त्यांना ओरडून सांगावं लागलं नसेल. पुसलेली काच रोज संध्याकाळी तेच सांगत होती. १९३० साली ते नोकरी सोडून सत्याग्रहात गेले, पण ‘गुरुजी’ हे नाव जन्मभर राहिलं.

ही जुनी गोष्ट झाली, असं समजू नका. सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, त्या सुमाराला आपल्या जिल्ह्यात काय चालू असतं? दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं ऊसतोडीला बारडोलीकडे निघून जातात. पाड्यांवरची घरं बंद होतात आणि वर्गातली बाकं रिकामी पडतात. धडगावकडच्या एका हायस्कुलातले सर माझ्या परिचयाचे आहेत. दहावीच्या वर्गातली दोन मुलं दिवाळीनंतर आलीच नाहीत, म्हणून ते मोटरसायकलवर त्यांच्या पाड्यावर गेले. एक पोऱ्या आजीजवळ सापडला, त्याला मागे बसवून आणलं. दुसरा आई-बापाबरोबर निघून गेला होता. सर रविवारी त्याच्यासाठी थेट गुजरातेत, उसाच्या फडापर्यंत गेले.

मी विचारलं, “मग आला का?”

“नाही आला. घरावर उचल फिटायची होती.”

“म्हणजे खेप फुकटच गेली की.”

सर म्हणाले, “दादा, मीच वर्गात सांगितलं होतं ना, पूर्ण जोर लावा म्हणून. सगळ्या वर्गाला सांगितलं होतं, त्यात तो पण होता. निदान त्याला कळलं तरी, की सर मला शोधत आले होते.”

धौम्यांना तिन्ही शिष्य सापडले. सरांना दोघांतला एकच मिळाला. पण शोधायला निघण्याचं मोल सापडण्यावर ठरत नाही, हे मला त्या दिवशी उमगलं.

सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याचे दात बघतात, चाल बघतात, रंग बघतात आणि मग किंमत बोलतात. घोड्याच्या बाबतीत ते बरोबरच आहे. आपल्या घरात मात्र निकालाच्या दिवशी पोराकडे तसं बघितलं जातं. किती टक्के पडले? शेजारच्याला किती? ज्या आजोबांनी वर्षभरात कधी त्याची वही उघडून बघितली नाही, तेच त्या दिवशी सगळ्यात मोठ्याने विचारतात. नव्वद टक्के मागायला हरकत नाही. पण मागणाऱ्याने आधी स्वतःला विचारावं: हा साठावर थांबला आणि तोंड लपवून कुठे बसला, तर मी त्याला शोधायला जाईन का?

या सप्ताहात सोळावा अध्याय वाचताना आरुणीच्या जागी स्वतःला ठेवाच, ते आपण नेहमी करतो. एकदा धौम्यांच्या जागीही ठेवून बघा. आपल्या शब्दाखातर कोण कुठल्या बांधावर आडवं पडलंय, ते आठवा, आणि त्याला एक हाक मारा.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥