सातचा भोंगा

कोपरखैरण्यात माथाडी कामगारांची वस्ती मोठी आहे. बहुतेक माणसं सातारा-सांगलीकडून आलेली. त्यातल्याच एका घरातला बाप वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात गोण्या वाहायचा. मुलगा नववीत. २०२० साली कोरोनात शाळा बंद झाल्या, तेव्हा ऑनलाइन वर्गांसाठी बापानं हप्त्यावर फोन घेऊन दिला होता. पुढे शाळा भरली, पण फोन काही मुलाच्या हातून सुटला नाही.

रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पांघरुणात गेम चालायचा. सकाळी डोळे उघडायचे नाहीत, वर्गात डुलक्या, आणि जेवायला हाक मारली तरी पोरगा अंगावर धावून यायचा. बापानं फोन कपाटात कुलपात ठेवला, तर त्यानं अन्न सोडलं. शेवटी आईनंच रडत रडत फोन परत दिला.

दिवाळीला आजोबा गावाहून आले. गाव मोहित्यांचे वडगाव, तालुका कडेगाव, जिल्हा सांगली. काही दिवस ते नुसतं बघत राहिले. बाप कामावरून यायचा आणि रील बघत आडवा व्हायचा. आई ओट्यावर फोन टेकवून मालिका बघत पोळ्या लाटायची. आणि दोघंही आळीपाळीनं मुलावर ओरडायची, "ठेव तो फोन!"

एका संध्याकाळी आजोबा लेकाला म्हणाले, "आपल्या गावात देवळावर भोंगा वाजतो, ठाऊक हाय न्हवं?"

ही गावची गोष्ट खरी आहे. सरपंच विजय मोहिते यांनी २०२२ साली कल्पना मांडली, तेव्हा पुरुष हसले होते. मग गावानं बायकांना विचारलं. मालिकांचा नाद आपल्यालाही लागलाय, हे त्यांनी कबूल केलं आणि सगळ्या गावानंच बंद पाळावा असं सांगितलं. त्या १५ ऑगस्टपासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. टीव्ही बंद, मोबाइल बंद. दीड तासानं, साडेआठला, पुन्हा भोंगा.

"त्यो भोंगा नुसता पोरांसाठी न्हवता," आजोबा म्हणाले. "आमी म्हाताऱ्यांनी बी फोन ठेवले. म्हणून पोरांनी ऐकलं."

दुसऱ्या दिवशी सात वाजता आजोबांनी स्टीलचं ताट वाजवलं. घरातले सगळे फोन पिठाच्या रिकाम्या डब्यात गेले. मुलगा धुमसत पुस्तक घेऊन बसला. पण पहिल्यांदा उठला तो बाप. "उद्याच्या गाडीचा मेसेज आला असंल," म्हणत त्यानं झाकणाला हात घातला. मुलगा बघत होता. बाप थबकला, येऊन त्याच्याशेजारी बसला. पन्नास किलोची गोणी पाठीवर घेणाऱ्या त्या माणसाला तो दीड तास पेलवत नव्हता.

"तुला पण असंच होतं का रे?"

मुलानं मान हलवली. "गेम बंद केला की डोकं भणभणतं, पप्पा."

इतके महिने सगळे ओरडले होते. असं कुणी विचारलं नव्हतं. रील संपत नाही, कारण ती संपू नये अशीच तिची बांधणी असते. एक झाली की दुसरी आपोआप येते. जिथं मोठ्यांना थांबता येत नाही, तिथं चौदा वर्षांच्या पोरानं एकट्यानं थांबावं, ही मागणीच अन्यायाची आहे.

आजोबा गावी गेले, पण ताट वाजत राहिलं. पुढे शेजारच्या दोन घरांतही ते वाजू लागलं. मुलानं गेम सोडला नाही, रविवारी खेळतो. पण रात्री फोन डब्यात राहतो आणि तो झोपतो. गुण अजून फारसे वाढलेले नाहीत. आधी झोप परत आली.

आई-बापांनो, उद्या संध्याकाळी सातला पहिला फोन तुमचा ठेवा. तरीही मूल झोप, जेवण, शाळा सोडून स्क्रीनलाच चिकटून राहत असेल, तर त्याला मारू नका आणि लाजेनं लपवूही नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये गेमच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घेतलं आहे, आणि आजारावर मदत मिळते. सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तिथं मराठीत आणि मोफत बोलता येतं.