चुकांचे व्याकरण

समजा, कळंबमध्ये मराठी माध्यमात सातवीत शिकणाऱ्या एखाद्या मुलीने आपल्या गावावर इंग्रजीत चार ओळी लिहिल्या : 'घोड इज अवर रिव्हर. शी इज नियर व्हिलेज. माय फादर इज डू फार्मिंग. ही सेड दॅट आय विल सेल ओनियन बिफोर दिवाळी.' वही तपासताना पहिली ओळ सोडून बाकी सगळीकडे लाल रेघा येतील, खाली 'व्याकरणाकडे लक्ष द्या' असा शेरा पडेल. पण या मुलीचे व्याकरणाकडे पुरेपूर लक्ष आहे. मराठीत नदी ती, डोंगर तो आणि शेत ते. निर्जीव वस्तूलाही लिंग देण्याचा नियम तिने इंग्रजीत पाळला. 'व्हिलेज'आधी 'द' किंवा 'अवर' आले नाही, कारण मराठीत 'गावाजवळ' एवढ्याने काम भागते. एकाही चुकीला निष्काळजीपणा म्हणता येत नाही. प्रत्येक चुकीला कारण आहे, आणि जिचे कारण सापडते ती चूक शिकवून दूर करता येते.

शेवटच्या ओळीतली चूक मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. 'बाबा म्हणाले की मी दिवाळीआधी कांदा विकीन' या मराठी वाक्यातला 'मी' म्हणजे बाबा, हे कुणाला सांगावे लागत नाही. इंग्रजीत त्याच रचनेचा अर्थ फिरतो आणि बराखीतला कांदा मुलगीच विकणार असे वाचणाऱ्याला वाटते. नदीला 'शी' म्हटल्याने कुणाचा गैरसमज होत नाही. इथे मात्र होतो. लाल शाई दोन्ही चुकांना सारखीच लागते, हा आपल्या तपासणीतला मोठा दोष आहे. 'इज डू' या चुकीची जात आणखी निराळी. 'करतात' हे मराठीत एकच क्रियापद, त्यामुळे तिचा दोष सरळ मराठीवर टाकता येत नाही. 'धिस इज, दॅट इज' घोकून घेतल्यावर मूल स्वतःच नियम बांधते की प्रत्येक वाक्यात 'इज' हवाच. इतर भाषांतली मुलेही इंग्रजी शिकताना अशी वाक्ये लिहितात. पिट कॉर्डर या भाषावैज्ञानिकाने 1967 मध्येच मांडले होते की चुका हा शिकणाऱ्याच्या मनात चाललेल्या नियमबांधणीचा पुरावा असतो. 1972 मध्ये लॅरी सेलिंकर यांनी मातृभाषा आणि नवी भाषा यांच्या मधल्या या टप्प्याला स्वतंत्र भाषाव्यवस्थेचा दर्जा दिला.

महाराष्ट्रात 2000 पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले; त्याआधी ते पाचवीपासून असे. वर्षे वाढली, पण मुलाने स्वतःचे वाक्य लिहायचे प्रसंग त्या मानाने वाढले नाहीत. फळ्यावरचे उतरवून घेतलेले उत्तर आणि गाईडमधून पाठ केलेला निबंध बिनचूक असतो, आणि त्यावर गुणही मिळतात. मला भीती अशा बिनचूक वहीचीच वाटते. तिच्यात मुलाला काय येते ते दिसत नाही, काय येत नाही तेही दिसत नाही.

यावर कुणी म्हणेल, परीक्षक आणि नोकरी देणारा चुकीमागचे कारण विचारत नाही. खरे आहे, आणि म्हणूनच चूक तशीच राहू द्यावी असे मी म्हणत नाही. प्रश्न ती कशाने सुटते हा आहे. 1996 मध्ये जॉन ट्रस्कॉट यांनी लेखनातल्या व्याकरणदुरुस्तीचा उपयोग होत नाही, उलट अपायच होतो, असे ठामपणे मांडले. डेना फेरिस यांनी 1999 मध्ये त्यांना उत्तर दिले की निवडक आणि स्पष्ट दुरुस्तीचा उपयोग होऊ शकतो. मला फेरिस यांचे पटते. पण पानभर रेघा ओढण्याच्या बाजूने या वादात दोघांपैकी कुणीही उभे नव्हते. दुसरा आक्षेप पालकांचा : मूल इंग्रजी माध्यमात घातले की हा प्रश्नच मिटेल. घरात, शेतात, मंचरच्या बाजारात मराठीच कानावर पडत असताना शाळेची पाटी बदलून मुलाच्या डोक्यातली वाक्यरचना बदलत नाही. उलट, मराठीचे व्याकरण नीट न शिकलेल्या मुलाला 'इथे आपली भाषा असे करते, इंग्रजी तसे करते' हे समजावण्याचा आधारच उरत नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर मराठी माणसांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या दोन्ही भाषा शेजारी ठेवूनच. त्या पद्धतीत घोकंपट्टी फार होती, ती सोडून द्यावी. तुलना मात्र सोडू नये.

तेव्हा शिक्षकांना विनंती एवढीच : आठवड्यातून एकदा मुलांना त्यांच्या मनातल्या पाच ओळी इंग्रजीत लिहू द्या. त्यांतली अर्थ बिघडवणारी एकच चूक निवडा, तिचे मराठी वाक्य फळ्यावर शेजारी लिहा, आणि त्या दिवशी बाकीच्या चुकांना हात लावू नका.