हातांतील मातृभाषा

गेल्या महिन्यांत एका परिचित घरीं डोहाळजेवणास जाण्याचा योग आला. पति-पत्नी दोघेंहि जन्मतः बहिरीं. घरचा सर्व व्यवहार हातांच्या खुणांच्या भाषेंत चालतो. झांकलेल्या वाटींतून पेढा निघतो कीं बर्फी, या कौतुकांत मंडळी रमली होती. सासूबाई मात्र मला हळूच म्हणाल्या, "मुलगा होवो वा मुलगी, त्याला ऐकूं येऊं दे, एवढेंच देवापाशीं मागणें आहे." सुनेनें त्यांचे ओठ वाचले असावेत. तिनें हातांनीं कांहीं विचारलें. त्याचा अर्थ सासूबाईंनींच, किंचित् ओशाळून, मला सांगितला : "ऐकणारें मूल झालें, तर तें आमचें राहील ना?"

या दोन इच्छांपैकीं शुद्ध कोणती? वरवर पाहतां पहिली निःस्वार्थी व दुसरी स्वार्थी भासेल. पण दोहोंच्या मुळाशीं भीति एकच आहे : मूल आपणांस दुरावेल ही. बहुतेक बहिरीं मुलें ऐकणाऱ्या आई-बापांच्या पोटींच जन्मतात, आणि पुष्कळदां त्या घरांत त्यांच्याशीं बोलावयास भाषाच नसते. सासूबाईंनीं हें भोगलें होतें. खुणा केल्यास मूल बोलावयास शिकणार नाहीं, असें त्यांना सांगण्यांत आलें होतें. मुलगा बारा वर्षांचा झाल्यावर त्या ही भाषा शिकल्या.

हा समज जुना आहे. १८८० सालीं मिलान येथील शिक्षकांच्या परिषदेनें शाळांतून वाणीलाच स्थान देऊन खुणांना बाहेर काढलें. हेतु हिताचाच होता. पण तें हित ठरविणारे बहुतेक सर्व ऐकणारे होते. त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त होण्यास व्हँकूव्हरच्या परिषदेचें २०१० साल उजाडावें लागलें. दरम्यान १९६० सालीं विल्यम स्टोकी यांनीं या भाषेलाहि स्वतःची घडण असल्याचें दाखवून दिलें. बहिऱ्या आई-बापांचीं बहिरीं बाळें हातांनीं बोबडे बोल बोलतात, हें १९९१ सालच्या संशोधनांत आढळलें.

तेव्हां, अपत्याविषयीं इच्छा धरण्याचा अधिकार आई-बापांना आहे. त्यावर अट घालण्याचा नाहीं. तें जसें येईल तसें त्याला पहिल्या दिवसापासून भाषा देणें, हेंच त्यांचें कर्तव्य. मूल ऐकणारें असल्यास आजीनें त्याला वाणीहि द्यावी. एक भाषा दुसरीला मारक नसते.

मीं हें बोलणार, तोंच सासूबाईंनीं सुनेला उत्तर दिलें. हातांनीं सांगतां सांगतां त्या तोंडानेंहि बोलत होत्या : "मीं बारा वर्षें उशीर केला, तरी माझा मुलगा माझाच राहिला. तुला तर एका दिवसाचाहि उशीर व्हायचा नाहीं."