पैसे भरलेत ना!

स्वित्झर्लंडमधल्या ग्श्टाडच्या एका हॉटेलानं भारतीय पाहुण्यांसाठी लावलेली ती नोटीस या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा उगवली. उद्योगपती हर्ष गोएंकांनी ती २०१९ च्या जुलैत ट्विटरवर टाकली होती, पण सहलींची बुकिंगं सुरू झाली की ती वर येतेच. नाश्त्याच्या बुफेतलं बरोबर नेऊ नका, हवं तर पैसे देऊन डबा मागवा, गॅलरीत हळू बोला. फक्त भारतीयांनाच का, यावर रात्रीपर्यंत रण माजलं. पाटी सगळ्यांसाठी हवी होती, मान्य. पण मग एका गृहस्थांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं: ‘पैसे भरलेत ना!’

हे त्यांनी पुण्यात म्हणून दाखवावं. अमर्याद थाळीचे पैसे भरावेत, आकंठ जेवावं आणि उठताना चार पुरणपोळ्या झिपच्या पिशवीत सरकवाव्यात. गल्ल्यावरचे काका जे बोलतील ते छापता येणार नाही. तिथं ‘पार्सल मिळणार नाही’, ‘एका ताटात दोघांनी जेवू नये’ असं भिंतीवर लिहिलेलं असतं आणि आपण त्याचे कौतुकानं फोटो काढतो. पुण्यात पाटी लागली की तो बाणेदारपणा, स्वित्झर्लंडात लागली की वंशद्वेष!

पैसे भरून आपण घेतो काय? एका बैठकीत एका पोटात मावेल तेवढं. कुणी तीन आमलेटं हाणतो, कुणी नुसत्या कॉफीवर उठतो, त्यात मालकाचं गणित बसतं. पिशवीला ढेकर येत नाही. याच न्यायानं नाटकाचं तिकीट काढलेल्यानं बालगंधर्वमधली खुर्ची उचलून आणायला हरकत नसावी. आणि हक्कच असेल, तर टेबलाखाली कशाला भरता? वेटरला हाक मारा, त्याला पिशवीचं तोंड धरायला सांगा. पोराला ‘कुणी येतंय का बघ’ म्हणून उभं करता, तेव्हा त्या पोराला हिशेब बरोबर कळलेला असतो.

झिपच्या पिशव्यांवर माझा जुनाच राग आहे. पूर्वी प्रवासात दशम्या आणि लसणीची चटणी पितळी डब्यात असायची. झाकण असं खणखणायचं की चोरून काही भरण्याची सोयच नव्हती. ही पिशवी मुकाट्यानं बंद होते. मध्यमवर्गाचा सगळा बिघाड तिथूनच सुरू झाला, असं माझं मत आहे. बायकोला ते मान्य नाही. तिच्याकडे तीन आकारांच्या आहेत.

शाकाहारी मिळत नाही, तिकडे पाण्यालाही पैसे पडतात वगैरे असेल. कडेवर मूल, हातात एक केळं आणि दारात बस उभी असेल, तर मीही दुसरीकडे बघेन. शिवाय ज्या देशानं १९३४ साली गुप्ततेचा कायदा करून जगभरच्या लोकांचा पैसा कुठून आला हे न विचारता सांभाळला, त्यानं क्रोसाँच्या बाबतीत एवढं चौकस व्हावं, ही गंमतच आहे.

तेव्हा केळं घ्या. उकडलेली अंडी मात्र नकोत. बसच्या काचा उघडत नाहीत.