शिक्षणाचा खर्च आणि सत्याची किंमत

जून महिना जवळ आला म्हणजे आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ आईबापांस एकच चिंता लागते. मूल बारावी पास झालें. त्यास कोल्हापुरास कॉलेजांत घालावें, तर फी, खोलीभाडें व खाणावळ यांचा पैसा कोठून आणावा? ह्या चिंतेच्या पोटांत एक नीतीचा प्रश्न आहे : शिक्षणासाठीं पैसा कोणत्या मार्गानें घ्यावा, आणि कोणत्या मार्गानें घेऊं नये?

कित्येकांस दुसऱ्याचें साह्य घेण्याची लाज वाटते. ती व्यर्थ होय. ह्याच कोल्हापुरांत राजर्षि शाहू महाराजांनीं १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व १९०८ सालीं अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग काढिलें. कुंभोजचे भाऊराव पाटील कोल्हापुरांत अशाच एका वसतिगृहांत राहून शिकले. पुढें त्यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें वसतिगृह चालविलें. त्या मुलांच्या मुखीं घांस पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनीं आपलें मंगळसूत्रही मोडलें. जें घेतलें तें पुढच्या लेंकरांस फेडलें. मग घेण्यांत लाज कसली?

कष्टाचीही लाज नसावी. भाऊरावांचीं मुलें अंगमेहनत करून शिकलीं. शिवाजी विद्यापीठ १९६२ सालीं निघालें, तेव्हां पहिले कुलगुरु आप्पासाहेब पवार यांनीं तेथेंही कमवा व शिका हा मार्ग घालून दिला. प्रेषित पौल तर शास्त्राचा मोठा अभ्यासी. तरी करिंथांत तंबू शिवून पोट भरीत असे.

लाज एकाच गोष्टीची असावी. ती म्हणजे असत्य. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या राहिल्या; पुढें १९५६ सालीं शिखांस व १९९० सालीं बौद्धांस त्या मिळाल्या, ख्रिस्ती लोकांस मिळाल्या नाहींत. बाप्तिस्मा घेतल्यानें दारिद्र्य धुऊन जात नाहीं, कीं गांव आपल्यास दुसरी वस्ती देत नाहीं. म्हणून ह्या नियमाविरुद्ध न्याय मागणें रास्तच आहे. परंतु कांहीं घरीं निराळीच वाट धरितात : रविवारीं उपासनेंत एक नांव व कचेरींतल्या कागदावर दुसरें. अशा घरचें मूल कॉलेजची पायरी चढण्यापूर्वींच एक धडा शिकून चुकतें, कीं गरज पडली म्हणजे प्रभूस दाराबाहेर उभें करावें. तो धडा कोणत्याही पदवीनें पुसला जात नाहीं.

तथापि येथें आम्हां उपदेशकांस व मंडळीच्या वडिलांस एक प्रश्न विचारला पाहिजे. मुलास खरें बोल म्हणून सांगावयाचें, आणि खरें बोलल्यानें जी शिष्यवृत्ति गेली तिचा सर्व भार एकट्या त्याच्या बापाच्या शिरावर ठेवावयाचा, हा कोणता न्याय? सत्य जर सर्व मंडळीचें, तर त्याची किंमतही सर्व मंडळीनें भरावी. आपण एका शरीराचे अवयव आहों असें म्हणतों. तें जूनमध्यें दिसूं द्या.

हें कठीण नाहीं. धर्मशिक्षकांनीं घरोघर जाऊन कागदपत्रें पाहावीं. अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांस महाराष्ट्रांत इतर मागासवर्गाचा दाखला मिळतो. ज्यांच्या घरचें वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे अशा, ह्या वर्गांतील मुलींस शासनाच्या प्रवेश-प्रक्रियेनें व्यावसायिक अभ्यासक्रमांत जागा मिळाल्यास, २०२४ सालापासून शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क माफ आहे. हें पुष्कळांच्या कानींही गेलेलें नाहीं. आणि जें उणें पडेल त्यासाठीं कापणीच्या उपकारस्तुतीच्या अर्पणांतून कांहीं भाग वेगळा काढावा. पायलीभर जोंधळा आला तरी चालेल. त्या जोंधळ्याच्या भाकरीवर जो खरेपणानें शिकेल, तो उद्यां दुसऱ्याच्या लेंकरासाठीं आपली मूठ झांकून ठेवणार नाहीं.