थांबत थांबत लिहू या

जे. आर. आर. टोल्किन ऑक्सफर्डला प्राध्यापक होते. शिकवणं, उत्तरपत्रिका तपासणं, चार मुलांचा संसार सांभाळत त्यांनी १९३७च्या अखेरीस ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही अद्भुतरम्य कादंबरी लिहायला घेतली. ती प्रसिद्ध झाली १९५४-५५मध्ये. मधे लेखन कितीदा तरी थांबलं; मित्रांच्या बैठकीत प्रकरणं वाचून दाखवत ते पुन्हा पुढे सरकलं.

अद्भुताचं जग रचणारा हात आणि डोळा मात्र माणसाचाच असतो. म्हणून दर वीस मिनिटांनी नजर दूर न्या, मनगट सैल सोडा, जेवण-झोप चुकवू नका. आपलं लिखाण प्रेमाने ऐकणारी दोन माणसं जोडा. उशीर झाला तरी चालेल. लिहिणाऱ्याने स्वतःला जपलंच पाहिजे.